जिभेची सवय

(कॉलेजची प्रयोगशाळा. भूविज्ञानाच्या मॅडम लेखाचा मसुदा पुढ्यात घेऊन बसल्या आहेत. त्यांची संशोधक विद्यार्थिनी, जिला सगळे बारकी म्हणतात, दारातच उभी.)

मॅडम: एवढी राबलीस, आणि आता लेखावर नाव नको म्हणजे?

बारकी: नको, मॅडम.

मॅडम: अगं, पृथ्वीचा गोळा जमायच्या आधीचा दगड. सूर्याभोवती नुसती धूळ फिरत होती तेव्हाचा. तो आपणहून खेळाच्या मैदानात येऊन पडतो, त्यात अमिनो आम्लं सापडतात, सजीव ज्यातून घडले ती, आणि तुझं तोंड एवढंसं?

बारकी: सापडली ती सगळी आपल्या अंगात असतात तीच आहेत. आकाशातून आलेल्या दगडात काही परकी नकोत? एकही नाही.

मॅडम: ते मला दिसलं नसेल असं वाटतं तुला?

बारकी: मग?

मॅडम: मग काय. शंका काढायला जग बसलंय. आपण कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा?

बारकी: मॅडम, मी तो चाटला.

मॅडम: दार लाव आधी.

बारकी: तुम्ही गाडीतून उतरत होतात. मी धावत पुढे गेले, उचलला आणि जीभ लावली. फुटलेल्या बाजूला. काय करतेय ते कळायच्या आत. पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलंत ना, ओला झाल्याशिवाय दगड बोलत नाही, रंग-कण दाखवत नाही. तेव्हापासून दिसला दगड की चाटला. आई म्हणते, घराच्या भिंती तेवढ्या सोड.

मॅडम: उरलाय का थोडा?

बारकी: होता केवढा, सुपारीएवढा. सगळा कुटला आपण. साडेचारशे कोटी वर्षं तो कुणाच्या हाती लागला नाही, आणि माझ्या लागला. घास उतरत नाही मला. तुमचं निवृत्तीचं वर्ष. मला काढून टाका, पण हा लेख पाठवू नका.

मॅडम: नाही पाठवत. बस. रडू नकोस.

बारकी: रोज सांगायला यायचे. तुम्ही इतक्या खुशीत असायचात.

मॅडम: खुशीत कुठली. तू दगड माझ्या हातात दिलास आणि डबी आणायला गाडीकडे पळालीस. तेवढ्यात मीही लावली.

बारकी: जीभ?

मॅडम: सवय कुणाची आहे मुळात?

बारकी: पण मी दिला तेव्हा तो ओला असणार.

मॅडम: होता.

बारकी: म्हणजे माझं तुम्हाला तेव्हाच कळलं?

मॅडम: कळलं. आणि मला हायसं वाटलं गं. म्हटलं, उद्या बोभाटा झालाच, तर बोट दाखवायला तू आहेस.