आवळ्याखालचा झरा

(जबलपूर, १९६२. कार्तिकी पौर्णिमा, सकाळचे साडेदहा. तोफांच्या फॅक्टरीचं क्वार्टर. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडू लागतं, आणि पाठोपाठ फोन वाजतो.)

हॅलो?… हो, बोला… पाटणहून ट्रंक कॉल? जोडा न भैया… बेबी, तू स्टोव्हजवळ नको जाऊस, राणी, मी उतरवते… एक मिनिट हं, एकच मिनिट…

हं. उतू गेलंच थोडं. हॅलो? कोण, भानू?… ऐकू येऊन राहिलंय गं, ओरडू नकोस. ट्रंक लावला म्हणून ओरडावं लागत नाही…

आम्ही? नाही, निघालो नाही… अगं, कशानं निघणार? यांची ड्यूटी आहे… रविवार कसला घेऊन बसलीस, लढाई लागल्यापासून रविवार फक्त कॅलेंडरवर उरलाय. सहाला गेले, रात्री येतील… नाही, तिकडे फोन नाही करता येत. बाहेरचा फोन सध्या कोणाला देतच नाहीत. हा इथला फोनसुद्धा फॅक्टरीनं यांना अवेळी बोलवायला बसवून दिलाय, माझ्या गप्पांसाठी नाही…

किती पानं? पन्नास? बाप्पा! आपला सगळा गोरखपूर मोहल्ला उचलून नेलास म्हण की आवळीभोजनाला… कोण कोण आलंय?… अच्छा… इंदिरामावशीसुद्धा?… आणि पोरं?… चलो, मजा आहे तुमची…

हो, होडी रंगवली ते माहीत आहे. निळी. आत बसायला दोन फळ्या, एका बाजूला तुझं नाव… कोणी सांगितलं म्हणजे? यांनी. तुझ्या होडीचा रंग मला माझ्या नवऱ्याकडून कळतो, बघ…

(फोनवर हात ठेवून) बेबी, ती चिठ्ठी ठेव खाली. … हो, 'भानूला ट्रंक कर' असंच लिहिलंय, शाब्बास. … 'पंगत बांधाखाली नको', बरोबर. बस झालं आता. पहिलीतल्या मुलींनी एवढंच वाचायचं असतं. दे इकडे.

हं, बोल भानू… काही नाही, पोरीशी बोलत होते. यांची कसलीशी चिठ्ठी घेऊन बसली होती… काय?… निरोप?… तुझ्या मालकांना, भय्यासाहेबांना तूच विचार न, मला काय विचारतेस… नाही. तुमच्या तलावाच्या बांधाबद्दल हे मला काही बोलले नाहीत.

नाही म्हटलं न. माझ्याशी बोलायला त्यांना वेळ कुठं असतो? पावसाळाभर दर रविवारी सायकल पाटणच्या मोटारीवर चढवली आणि निघाले. संध्याकाळी येणार ते गुडघ्यापर्यंत चिखल. ती पाटलोण मी धुवायची, आणि धुता धुता ऐकायचं काय, तर भानूच्या बांधाला उंदरांनी बिळं केली, भानूच्या बांधावर बाभळी माजल्या, भानूच्या मालकांनी सांडव्याला फळ्या ठोकून पाणी अडवलंय… हो न, होडीला खोल पाणी पाहिजे म्हणून. ते म्हणत होते, जादा पाणी जायची वाट बुजवून कोणी होडी खेळतं का… मी नाही म्हणत, ते म्हणत होते…

माहीत आहे गं. सासरे इरिगेशनमध्ये ओव्हरसिअर होते, बांध म्हणजे या घरचा देव, सगळं माहीत आहे. पण इथं नळाला अर्धा तास पाणी येतं आणि त्याचा वायसर तीन महिन्यांपासून गळतोय. तो नाही दिसत. तुझ्या बांधाची ओल वीस मैलांवरून दिसते. या पोरीला अजून भेडाघाट दाखवला नाही. तिला वाटतं, नर्मदा म्हणजे शाळेतल्या बाईंचं नाव…

हस. हस तू… जळते? मी काहून जळू?… तुलाच आठवत असेल, मी तर विसरले. आठ वर्षं झाली. हे तुला पाहायला आले तेव्हा तुमच्याकडे चहाचा ट्रे मीच धरला होता. शेजारची म्हणून बोलावलं होतं न तुझ्या आईनं. ते बघत होते तुझ्याकडे, आणि बशीत चहा सांडत होता माझ्या हातून. मग तुझ्या अण्णांना पाटणची जमीन दिसली आणि फॅक्टरीत नक्शे काढणारा नको झाला. तू न घेतलेलं पान माझ्या पुढ्यात आलं, भानू. मी जेवले. पोटभर जेवले, तक्रार नाही. पण दर रविवारी ते पान उठून तुझ्याकडे जातं, तेवढंच म्हणते…

अगं, रडायला काय झालं… बरं, बरं. मी काही म्हटलंच नाही. सणाच्या दिवशी… सोड. दुसरं काही बोल.

तीन मिनट हो गये?… भैया, उधर से पूछिए, ट्रंक उनका है… वाढवलास? वाढव, वाढव, तुमचं काय…

हं. काय फुटलं?… झरा? कुठं?… आवळ्याखाली… काल नव्हता?… अच्छा, पहाटे आंघोळीला उठलात तेव्हा दिसला… सासूबाई काय म्हणतात?… नर्मदामाई स्वतःच्या पायानं आली. आणि तुम्ही हळदकुंकू वाहिलं… ओटी भरली… पाचही सवाष्णींनी…

पोरं काय करून राहिली त्यात?… कागदाच्या होड्या.

भानू, तो आवळा बांधाच्या कोणत्या अंगाला आहे गं? तलावाच्या की… शेताच्या. म्हणजे खालच्या. आणि पंगत त्याच्याखालीच मांडली… सतरंजी ओली होते म्हणून खाली भाताची पराळी घातली…

पाणी कसं आहे?… थंड आहे ते नाही विचारत. रंग कसा आहे?… खिडकीतून दिसत नसेल तर तुमच्या गड्याला, बळीरामला विचार, तो तिथंच असेल न… विचार गं, मी थांबते…

…

चहासारखं. दुधाच्या चहासारखं… पहाटे नितळ होतं, ओटी भरली तेव्हा? आणि आता वाढलंय…

भानू, आता मध्ये बोलू नकोस. पोरांना तिथून उचल… पूजा राहू दे. नैवेद्य राहू दे… अगं, तो झरा नाही. तो तुमचा बांध आहे, आतून वाहून चाललाय. नितळ पाणी आलं तर बांध पाझरतोय म्हणायचं. गढूळ आलं म्हणजे पोटातली माती घेऊन येतंय… हे म्हणतात. लिहून दिलंय यांनी… बेबी, ती चिठ्ठी. दे, बाळा, पटकन… ऐक, वाचते. 'भानूला ट्रंक कर. पंगत बांधाखाली नको, बांधावरही नको. सांडव्याच्या फळ्या काढा, एकेक करून. पाणी गढूळ आलं तर कशासाठीही थांबू नका.' एवढंच आहे. सगळ्यांना वर घरी, कोठीच्या अंगणात आण…

होडीत कोण आहे?… मग त्यांना कोठीच्या काठाला यायला सांग, बांधाकडे नाही… भय्यासाहेब काय म्हणतात ते नंतर… मग हसू दे त्यांना, वर येऊन हसतील… सासूबाई पानावरून उठत नाहीत? पाटासकट उचला म्हणावं… फोन ठेवू नकोस, नुसता बाजूला ठेव. जा. जा गं.

…

काही नाही, बेबी. ये, इथं ये माझ्याजवळ. … भानूमावशीकडे ताटं वाजताहेत. … कोणीतरी ओरडतंय, फळी काढ, फळी काढ. … नाही राजा, लढाई नाही ती. लढाई खूप लांब आहे, डोंगरात. … केस किती गुंतलेत तुझे. सकाळपासून विंचरलेच नाहीत मी. … रडत नाही गं, स्टोव्हचा धूर गेला डोळ्यांत.

नहीं भैया, काटना मत… हाँ, चालू है बात… कोई बोल नहीं रहा, फिर भी चालू है.

…

हॅलो? भानू?… दम घे. आधी दम घे… सगळे आले वर? पोरं मोजलीस?… किती?… अकरा. आणि होती किती?… अकराच. बरं… बरं… सासूबाई?… पाटासकट. बळीरामनं?… बरं झालं…

फळ्या निघाल्या?… दोन. आणि पाणी धरलं का सांडव्यानं?… मग उतरेल हळूहळू. खाली शेतात कोणी नाही न?…

काय पडलं?… आवळा… मुळांसकट खाली बसला… आणि सतरंजी… सगळी पानं… हो… हो गं… ऐकतेय मी. पानंच गेली, भानू. नुसती पानं…

सांगते त्यांना. आल्या आल्या सांगते… हो, तेच वाचवतात, तेच… मी? नाही, मी काय केलं… नको, असं नको म्हणूस. भानू, माझे पाय वगैरे नको… अगं, तू मला काही बोललीस कुठं, बोलले तर मी…

कधी?… कधी सांगितलं त्यांनी, म्हणजे…

आत्ता. आत्ताच. फॅक्टरीतून माणूस आला होता, तो चिठ्ठी देऊन गेला. तुझा फोन यायच्या जरासं आधी… उघडलीच नव्हती मी. पोरीच्या हातात होती… हो न. नशीब म्हणायचं… हॅलो?… हॅलो, भानू?… भैया? लाइन… हॅलो?

(ती फोन ठेवते. बेबी चिठ्ठी उलटी-सुलटी करून बघते आहे.)

"आई, ही तर बाबांनी सकाळी चहा पिता पिता लिहिली न? माझ्या पेन्सिलनं. मग तू काहून नाही केला फोन?"