गोदामातली वाइन

जिंतूरच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन कारकून बोलत होते.

"दिनकरराव, बदलीसाठी सायबाला घरी जेवायला बोलावलं म्हणं?"

"हाव. फौजी मेहुण्यासंगं जाऊन मिलिटरी कॅन्टीनच्या गोदामातून वाइन आणली. सगळ्यात स्वस्त, पण लेबल झकास. निवड माझी!"

"मग?"

"सायेब घोट घेऊन म्हणले, वाइन लय जुनी हाय. बदली पक्की."

"वा!"

"ऐका तर. सायेब गेल्यावर घरची म्हणली, बाटलीला आंबूस वास आला, नासली वाटली, म्हणून मोरीत ओतली. तुमी यायच्या आधीच रिकाम्या बाटलीत जांभळाचं सरबत भरलं व्हतं."

"सायबाला कळलं न्हाई?"

"सायबाचं सोडा. मला दोन पेल्यात चढली व्हती."

"आता कुठं चाललाव?"

"चारठाण्याला, जांभळं आणायला. सायेब रविवारी पुन्हा यायलेत."