दाण्यांची तक्रार नाही

...आणि वर मलाच म्हणतात, तू घाबरट. अहो, आहेच मी घाबरट, कोण नाही म्हणतंय? तुम्हाला सांगते, दार आपटलं तरी मी दचकते, आणि मला नोकरी मिळाली कुठली? तर कारखान्यात पोलाद तोडून बघायची! आमच्याकडे क्रेनचे हूक बनतात. त्याच पोलादाची खाच पाडलेली कांडी यंत्रात ठेवायची, वरून लंबकासारखा झुलता हातोडा सोडायचा, की धाडकन... मी भिंतीला. सोडते मीच आणि दचकतेही मीच.

पण त्या दिवशी मी दचकलेच नाही. नुसतं टक्. बिस्किट मोडावं तसं. चांगलं पोलाद तुटताना हातोड्याला दमवतं हो, ताणलं जातं, तुटल्या जागी मळकट तंतू दिसतात. हे मेलं टक्, आणि आत सगळी चकाकी. साहेब बघून म्हणतात, "वा, काय स्वच्छ तुटलंय." मी कांडी उचलून तपासायला बसले.

कडकपणा तपासला, बरोबर. भिंगाखाली दाणे पाहिले, बारीक, एकसारखे. दाण्यांची तक्रारच नाही. पोलाद म्हणजे असे दाणेच दाणे, एकमेकांना घट्ट टेकलेले, आणि बिघडलं होतं ते दोन दाण्यांच्या मधे. साहेब म्हणाले, "मधे काय असतं? मधे काही नसतं." असतं ना साहेब. त्या सीमेची स्वतःची अवस्था असते. कधी कोरी, दाण्याला दाणा भिडलेला. कधी परक्या अणूंचा एक थर येऊन बसतो, कधी दोन, कधी चक्क साय धरते. आणि एका अवस्थेतून दुसरीत जायचं तेही कधी कधी एकदम, कालपर्यंत गप्पा मारणाऱ्या जावांनी आज अबोला धरावा तसं. आमच्या पोलादात शिरला होता फॉस्फरस. चिमूटभर. दाण्यात धड जागा नाही, बाहेर पडता येत नाही, ना घरचा ना घाटचा. पोलाद सावकाश निवायला लागलं की हा सरकत सरकत सीमेवर येऊन ठाण मांडतो आणि दोघांची पकड सोडवतो. दाण्यांची तक्रार नाही हो, दाणे बिचारे काय करतील?

सावकाश का निवलं, तर भट्टीवाले काका. म्हटलं, "काका, तापवून झाल्यावर हूक लगेच पाण्यात सोडायचे होते." तर म्हणाले, "पोरी, तापली कढई कुणी पाण्यात घालतं का? भट्टी बंद केली, दार लावलं, निवू दिले निवांत." इतक्या मायेने वाट लावलेली मी बघितली नव्हती.

उपाय आहे. परत तापवा, फॉस्फरस पांगतो, सीमा कोरी होते, मग झटकन थंड करा. केलं साहेबांनी, खोटं कशाला बोलू? पुन्हा कांडी तोडली, धाडकन, मी भिंतीला, आणि दचकून इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. पण एक हूक घाईत तपासणीआधीच गेला होता. कुठे? आमचा दादा काम करतो त्या यार्डात.

दादाला सांगितलं तर हसतोय. "अगं, तू फुगा बघून कान झाकणारी. रोज ओझं उचलतोय तो हूक, जरासुद्धा वाकला नाही."

"तेच तर म्हणते ना. चांगला हूक आधी वाकतो, तोंड उघडतो, पळा म्हणून सांगतो. हा सांगणार नाही."

"बरं, नाही उभा राहत त्याच्याखाली."

"खरंच?"

"काम कुठे असतं गं? खालीच असतं."

त्यांच्या मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, दाखवा काय खराब आहे ते." काय दाखवू? तडा नाही, गंज नाही, दाण्यांची तर तक्रारच नाही.

शेवटी साहेबांपुढे हात जोडले, तो हूक परत मागवा. साहेब चहा ढवळत म्हणाले, "मागवायला कशाला हवंय? तुटला की तेच पाठवतील."

आणि तपासायला कुणाकडे येईल? माझ्याकडेच.