दोन तुळयांच्या मधोमध

सुहाद : अरे, पुन्हा पडली! आत्याबाईंच्या खांद्यावर. पांढरी भुकटी.

गझवान : भोक पाडल्यावर थोडी पडतेच. तू शिडी धर.

सुहाद : भोक तासापूर्वी पाडलंस. ही पडतेय तू पंखा अडकवल्यापासून.

गझवान : (शिडीवर, दोन्ही हातांनी पंखा वर रेटून) सुहाद, ओरडू नकोस. मी हात खाली घेतला की हुक खाली येतोय. आत्ता पाहिलं. बोटभर आला.

सुहाद : नुसता हुक?

गझवान : विटेसकट.

हज्जा : कुठली वीट?

गझवान : आई, तू झोप.

हज्जा : झोप कसली! कंबर मोडल्यापासून तीन आठवडे उताणी पडून हेच छत बघतेय मी. हुक कुठे ठोकलास, तूच सांग. तुळईला की विटांना?

गझवान : खोलीच्या बरोबर मधोमध.

हज्जा : म्हणजे विटांना. अरे, दोन लोखंडी तुळयांच्या मधली ती कमान आहे. एक वीट दुसरीला रेटून उभी आहे, बाकी तिला आधार नाही. तुझ्या बापाने पंखा भिंतीकडच्या तुळईला टांगला होता तो काय हौसेने?

गझवान : लोक हसायचे, आई. तुमचा पंखा भिंतीशी कुजबुजतो म्हणायचे.

हज्जा : हसेनात का. पडत तर नव्हता.

सुहाद : ही वीट निघाली तर?

गझवान : शेजारच्या सुटतील. मग त्यांच्या शेजारच्या. आणि गच्चीवर पाण्याची टाकी याच कमानीवर आहे.

सुहाद : भरलेली?

गझवान : सकाळीच भरली. हजार लिटर.

सुहाद : या अल्लाह! थांब, वाजले किती? बाराला पाच कमी! बाराला लाइट येईल. मेन स्विच पाडलंयस ना?

गझवान : लाइटच नव्हती, तर मेन कशाला पाडायचं?

सुहाद : सगळ्या बसऱ्यात हेच चालतं! आणि पंख्याचं बटण?

गझवान : चालू असेल. तारा जोडल्यात. पातं माझ्या तोंडापासून वीतभर आहे.

सुहाद : शिडी सोडू?

गझवान : सोड. पळ!

हज्जा : जड आहे?

गझवान : बिडाचा आहे, आई. पंधरा किलो.

हज्जा : भीती वजनाची नाही वाटत तुला.

गझवान : नाही.

सुहाद : पाडलं मेन! आता आत्याबाईंना बाहेर ओढते.

हज्जा : कशी? शिडीचा एक पाय पलंगाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. पलंग हलायचा नाही, आणि मला उचलायला दोघं लागतात.

सुहाद : फरफटत नेईन.

हज्जा : तेवढ्यात याचे हात गळाले की तिघंही गेलो. जिन्याखाली तुझ्या सासऱ्यांचा वासा आहे, तो आण. आणि भाकरीची फळी.

गझवान : नाही! आधी आईला काढ!

हज्जा : तू गप. सुहाद, जा.

सुहाद : आत्याबाई, मला नाही जमायचं.

हज्जा : या छताचा गिलावा मी कालवलाय, एकोणिसाव्या वर्षी. हातात घेतला की घट्ट व्हायला लागतो. रडायलासुद्धा सवड देत नाही. जा, पोरी.

गझवान : आई, डोळ्यांत जातेय.

हज्जा : मीट डोळे. रेटायला डोळे लागत नाहीत.

गझवान : खांदा सुटतोय.

हज्जा : सुटू दे, हात सोडू नकोस.

सुहाद : आणलं! कुठे लावू?

हज्जा : फळी हुकाला चिकटून. अर्धी त्या विटेखाली, अर्धी शेजारच्या. वासा तिच्याखाली, पलंगाला घासून. तिरका नको, सरळ उभा.

सुहाद : दोन बोटं कमी पडतोय.

हज्जा : दाराखालची पाचर घे. ठोकू नकोस, छत हादरेल. टाचेने सरकव. हळू. अजून हळू.

सुहाद : बसली. आता हलत नाहीये.

हज्जा : गझवान, हात किंचित खाली घे.

गझवान : नाही घेणार.

हज्जा : घे म्हणते ना.

गझवान : तुझ्या डोक्यावर आहे ते, आई!

हज्जा : म्हणून तर मी सांगतेय. घे.

सुहाद : घेतलास? नाही पडली भुकटी. एक कणसुद्धा नाही... अरे, हे काय घरघरलं?

गझवान : शेजारचे कूलर. लाइट आली.

हज्जा : येऊ दे. तारा सोडव, मग दांड्याची खीळ काढ. हुकाला मात्र हात लावू नकोस, तो तसाच राहू दे.

गझवान : सुहाद, हात वर कर. या अली!

सुहाद : धरला... धरला! सोड!

गझवान : पंखा राहू दे तिथेच. शिडी काढतो. आई, माझी मान धर. सुहाद, तू पाय घे.

हज्जा : मी ओरडले तरी थांबू नका.

सुहाद : उंबरा आला, सांभाळ. हं, इथे अंगणात, सावलीत ठेवू.

हज्जा : आई गं... ठेवा. टाकीचा नळ सोडून द्या आधी, रिकामी होऊ दे. गवंडी येईपर्यंत त्या खोलीत कुणी जायचं नाही.

गझवान : आई, मी भोक पाडत होतो तेव्हा तू जागी होतीस?

हज्जा : पहिल्यापासून.

गझवान : मग बोलली का नाहीस?

हज्जा : दोनदा तोंड उघडलं होतं. मग वाटलं, म्हणशील, तुला काय कळतं यातलं.

सुहाद : असं कसं म्हणाला असता, आत्याबाई?

गझवान : म्हणालो असतो.