मुठीचा तांदूळ

एकतीस वर्षं. एकोणतीस नव्हे, पु छुआना, एकतीस — खोडा आणि नीट लिहा. सगळ्यांनी आदरानं ‘पु’ म्हणावं असे तुम्ही, दुपारी चर्चमध्ये आईचं जीवन वाचणार, आणि मागच्या बाकांवरच्या बायका कुजबुजणार, पोटच्या मुलीला वर्षंसुद्धा धड सांगता आली नाहीत म्हणून. बसा ना, घाई कसली, पोरं अजून कबर खणतायत, खडक लागलाय म्हणे. चहा घ्या. तर एकतीस वर्षं माझी आई दर रविवारी ही गल्ली चढायची, उतरायची — अख्ख्या ऐझॉलमध्ये अशी चढण नसेल — पाठीवर टोपली, घरोघरचा मुठीचा तांदूळ चर्चसाठी गोळा करायला. गल्लीत कुणी वारलं की चहाची पहिली किटली तिची. इस्पितळात ज्याचं कुणी नाही त्याच्या उशाशी ती. आणि घरी आम्ही तिघं, बिनबापाची. भात कमी पडला तर म्हणायची, पाणी प्या — पण शिजवायच्या आधी पातेल्यातली एक मूठ देवाच्या डब्यात गेली म्हणजे गेली. मला राग यायचा? यायचा की. हे नका लिहू.

शेवटचं काय लिहिलंत, वाचा बरं. ‘अखेरच्या श्वासापर्यंत देवाच्या तांदळासाठी दारोदार हिंडली.’ हं. छान आहे. सगळे रडतील. पण पु, तेवढं काढा. — का म्हणजे? उगाच. लांबतंय फार. — खरं आहे हो, मी कुठे खोटं म्हणतेय, पायऱ्यांवर सापडली तेव्हा टोपली पाठीवरच होती, तुम्हीच तर उचललंत तिला. पण मंगळवार होता. मंगळवारी कोण तांदूळ गोळा करतं? हे कुणाच्याच डोक्यात कसं येत नाही — जो तो आपला, काय भाग्याचं मरण, काय भाग्याचं मरण! कान किटले माझे.

तुम्हाला ठाऊक आहे, वर्षभर तिला काही आठवत नव्हतं. मला ‘अहो बाई’ म्हणायची. मूठ तेवढी आठवायची. आणि टाकली की टाकल्याचं विसरायची — मग दुसरी, मग तिसरी, मी भाजी चिरून वळते तो पातेलं रिकामं आणि देवाचा डबा भरलेला! मग मी काय करणार? ओतायची परत. हो, देवाच्या डब्यातून. असं बघू नका. आमचाच तांदूळ ना तो — त्यातली देवाची मूठ कुठली आणि तिच्या विसरण्याची कुठली, कोण सांगणार? सुरुवातीला एक मूठ मागे ठेवायची आठवणीनं. पुढे पुढे... पुढे पुढे तीही ठेवली नाही, पु. रविवारी तिच्या जागी चर्चच्या बायका तांदूळ न्यायला आल्या की अंदाजानं काहीतरी घालायची त्यांच्या टोपलीत आणि प्रार्थनेला मान खाली घालायची.

मंगळवारी तिनं पाहिलं. दारात उभी होती. आणि वर्षभरात पहिल्यांदा स्वच्छ बोलली — झोसांगी, चोरी करतेस? नावानं, पु! वर्षभर मी त्या नावाची वाट बघितली, आणि आलं ते असं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडले — हो, आहे मी चोर! आमच्या तोंडचं काढून देवाला दिलंस जन्मभर, जा, आता भीक माग त्याच्यासाठी दारोदार, जा! — आणि तिनं ऐकलं हो. निमूट टोपली पाठीवर घेतली, तिचा पट्टा कपाळाला लावला आणि निघाली. मी थांबवलं नाही. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल आणि येईल — नाही, खोटं कशाला बोलू, मला वाटलं, घटकाभर नको माझ्या डोळ्यांपुढे. त्या वेळी सगळे कामावर, एक दार उघडं नसणार. किती दारं वाजवली असतील तिनं? टोपलीत दाणा नव्हता. पाहिलंत ना तुम्ही?

म्हणून म्हणते, काढा. कुठल्या तोंडानं मी पहिल्या बाकावर बसून ते ऐकू? सकाळपासून येणारा प्रत्येकजण हात धरतोय, आईचं फार केलंस गं, फार केलंस — एकानं जरी थोबाडीत मारली ना मला, तर मी त्याचे पाय धरीन. बोला ना काहीतरी. तुम्ही चर्चचे वडील, तुम्ही तरी ओरडा माझ्यावर. बोला!

...खोडताय? थांबा. थांबा, पु. बाहेर माझी लेक मावी बसलीये, आजीचा फोटो मांडीवर घेऊन. येईल त्याला सांगतेय, माझी आजी देवाचं काम करता करता गेली. तुम्ही ते वाचलं नाहीत तर ती विचारणार, का नाही वाचलं म्हणून. तुम्हाला नाही विचारणार. मला विचारेल.

गाणं सुरू झालं. शवपेटी उचलतील आता. राहू द्या ते, आहे तसंच वाचा. आणि जरा मोठ्यानं वाचा, मागे ऐकू जात नाही. व्हा तुम्ही पुढे. — व्हा म्हटलं ना.