उरलेलं कुलूप

शिवकांता सुखरूप बाळंत झाली. पण ते नंतर; तूर्त असं काही झालंच नाही असं धरा, कारण नळदुर्गच्या दवाखान्याच्या ओट्यावर दुखरा दात धरून बसलेल्या बब्रुवानला आतून तिच्या सासूचा रडवेला आवाज ऐकू येत होता.

“नर्सबाई, सून सकाळपासनं अडलीय! गाठी सोडा, कुलपं काढा, तवाच सुटंल!”

“कस्तुराबाई, सगळी कपाटं खोला. माझी वेणीपण सोडा,” नर्स जुबेदाआपांनी मदतनीस बाईला सांगितलं.

“जुबेदाआपा, तुमी मुसलमान, त्या लिंगायत. तुमाला पटतंय हे?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“मला कुठं कळा येतायत? जिला येतायत तिला पटतंय ना, बस! ओ ओट्यावरचे, तुम्हीपण गाठी सोडा!”

बब्रुवाननं निमूट धोतराची गाठ सोडून ते मुठीत धरलं.

“अजून न्हाय सुटली! कुठलं कुलूप ऱ्हायलं?” सासू ओरडली.

“समोर निजाम सरकारच्या पोलीस चौकीतल्या कोठडीचं,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“मग चौकीच्या अंमलदाराला लिहा कस्तुराबाई: अमीनसाहेब, बाळंतपण होईस्तोवर कोठडी उघडी ठेवण्याची मेहरबानी व्हावी. चोरांवर दवाखाना नजर ठेवील.”