तीन नंबर तापतोय

माझं माहेर सुप्याच्या बाजूला, कोरडवाहू रान, बाजरी आन् मटकी, आन् सासर लोणी देवकरला, तितं ऊस. नाव सुरेखा. शाळा दहावीपतूर. लग्नानंतर तितल्याच एका कारखान्यात लागले, पत्रा कापायचा आन् त्याच्या कडंला रबर बसवायचं, बारा वर्सं तेच केलं, काय सांगू तुमास्नी, हात असा बसला की डोळं मिटून कातर चालवावी. मग तो कारखाना बंद पडला, आमच्या मालकांना, म्हंजे ह्यांना, बारामतीला काम लागलं, आमी हितं आलो, आन् कुनीतरी म्हनलं की विमान शिकवायच्या शाळंत पत्र्याचं काम येनारी मानसं पायजेत. मी म्हनलं, विमान म्हंजे पत्राच की, चला.

कुलकर्णीसाहेब आमचं मोठं इंजिनिअर, त्यांच्या सहीबिगर विमान जागचं हालत न्हाय. त्यांनी विचारलं, बाई, भीती न्हाय ना वाटत? मी म्हनलं, साहेब, भ्या कशाचं, पत्रा तर वळकीचा हाय. हसलं आन् घेतलं कामावर. सासूबाई मातर गावभर सांगत सुटल्या, आमची सुरेखा इमान दुरुस्त करती. मी दुरुस्त न्हाय वो करत, मी मदतनीस, झाकनं काढायची, पत्रं बसवायचं, रबर लावायचं. पन ऐकतंय कोन.

आता तुमाला इंजिनाचं सांगते, म्हंजे पुढलं कळंल. ह्या बारक्या विमानाच्या इंजिनाला चार सिलिंडर, आन् मोटारीसारखं त्यात पानी न्हाय, ते नुसत्या वाऱ्यावर गार होतं. पंख्याच्या मागनं वारं आत शिरतं आन् वरनं खाली सिलिंडरमधनं जातं. ते भलतीकडंच पळू न्हाय म्हनून भवतीनं पत्र्याच्या भिती, आन् भितीच्या काठाला रबराची पट्टी, ती वरच्या झाकनाला चिकटून बसती. त्या भिती आन् ती पट्टी, ते माझं काम. ध्यानात ठेवा, माझं काम.

तर एक दिवस रेवती, विदर्भातली पोरगी, शिकायला आलेली, लई गुनाची, सकाळी उडाली आन् धा मिंटांत माघारी. उतरली ती घामानं चिंब. ताई, तीन नंबर तापतोय, वर चढताना काटा पार तांबड्यात गेला, म्हनून नाक खाली करून आले. साहेब म्हनलं, बरोबर केलंस, सिलिंडर तडकला असता तर वर काय केलं असतं. आन् दोन दिवसांनी तिची परीक्षा, त्याच विमानावर, बाकीची विमानं सगळी गुतलेली. ही परीक्षा हुकली की पुन्यांदा कवा नंबर लागंल सांगता येत न्हाय. पोरगी भितीला टेकून बोटावर दिवस मोजत उभी.

पन साहेबांचं डोकं लई थंड. पयलं म्हनलं, काटा खरं बोलतोय का खोटं ते बघू. तीन नंबरचा सेन्सर काढून एक नंबरला लावला आन् एकचा तीनला. पोरांना शिकवनारं कॅप्टन विमान वर घेऊन गेलं, माघारी आलं, तापलं ते तीनच. म्हंजे काटा खरा. मग पेट्रोल. पेट्रोल कमी पडलं तरी सिलिंडर तापतो, म्हनून तीनमदी पेट्रोल सोडायची तोटी काढली, साफ केली, तीन आन् चारच्या तोट्यांची अदलाबदल केली, पुन्यांदा वर, पुन्यांदा तीनच. मग ठिनगी येळंवर पडती का ते बघितलं, बरोबर. प्लगच्या भोकातनं बारका कॅमेरा आत घातला, आत सगळं चकाचक. दीड दिवस ह्यातच गेला, आन् शेवटाला साहेब म्हनलं, आता सिलिंडरच उतरवावा लागनार. म्हंजे आठवडा तरी गेला. रेवती बाहेर जाऊन धावपट्टीकडं तोंड करून बसली.

आन् तवाच माझी नजर झाकनावर गेली. काढलेलं झाकन सतरंजीवर उलटं पडलेलं, आतली बाजू वर. रबर जितं घासतं तितं काळी रेघ उमटती, साऱ्या काठानं, काजळ घातल्यावानी. ती रेघ मी बोटानं धरत गेले, धरत गेले, आन् उजव्या अंगाच्या मागल्या कोपऱ्यात ती तुटली. वीतभर रेघच न्हाय. आन् त्या कोपऱ्याखाली कोन बसतंय? तीन नंबर.

माझं बोट तितंच थांबलं. कारन ती पट्टी मीच बसवलेली, पंधरा दिस आदी, झाकन आतनं पुसून; ऊन तापलं ते ह्याच आठवड्यात, म्हनून तवर कळलं न्हाय. मनात आलं, गप बस सुरेखे, सिलिंडर बदलतील, कुनाला काय कळतंय. लगीच दुसरं मन म्हनलं, आन् सिलिंडर बदलून बी तापला तर? रेवती वर आसंल तवा? तुमाला सांगते, उसाला दारं धरताना सरीला उंदराचं भोक आसलं की पानी तितनंच पळतं आन् शेवटाचा ऊस वाळतो, तुमी मोटार बदला न्हायतर पाइप बदला, भोक बुजवल्याबिगर पानी पोचत न्हाय. वाऱ्याचं बी तेच. मी म्हनलं, साहेब, थांबा. पाना खाली ठिवा. माझी चूक हाय.

साहेब आलं, रेघ बोटानं धरून बघितली. मग झाकन पुन्यांदा बसवाय लावलं, खालनं आत दिवा धरला, आन् आमी पुढच्या तोंडातनं डोकावलो. मागल्या कोपऱ्यात ही एवढी उजेडाची फट! साहेब म्हनलं, उजेड जातोय तर वारं बी जातंय. पट्टी मी बोटभर जास्तच रुंद कापलेली, झाकन बसवताना ती आत वळायच्या जागी बाहेर मुडपली. आता ह्ये बोलतील, घरी जा म्हनतील, म्हनून मी खाली मान घालून उभी, आन् ते म्हनलं, सुरेखाबाई, पट्टी तुमी लावली, पन तपासून सही मी केली. वहीत दोघांचं बी नाव लिवायचं.

त्यांनी लिवलं, आन् मी नवी पट्टी कापली, ते माझ्यासमोर उभं राहून बघत होतं, पन कातर सरळ चालली. झाकन बसवलं, दिवा धरला, मागं मिट्ट काळोख. कॅप्टन उडालं. आमी समदी बाहेर, माना वर, उन्हात डोळं दिपत्यात पन कुनी आत जाईना. अर्ध्या तासानं उतरलं, दार उघडायच्या आदीच खिडकीतनं वरडलं, तीन नंबर चारशे डिग्रीच्या आत, तांबड्याच्या लई खाली! आवो, मी अशी उडी मारली! रेवतीला मिठी मारली तशीच, तिच्या पांढऱ्या शर्टाला माझी काळी पाची बोटं. दुसऱ्या दिवशी पोरीनं तोच शर्ट घातला आन् पास झाली.

आता ती दूर कुठंतरी मोठं विमान चालवती, दिवाळीला फोन करती. हितं नवं मानूस कामाला आलं की साहेब माझ्याकडंच धाडत्यात, पयली काळी रेघ बघाय शिकवा म्हनून. सकाळी एकापाठी एक पोरंपोरी उडत्यात. मी हात फडक्याला पुसते आन् बघत उभी राहते. जावा, मनातल्या मनात म्हनते, सुखानं जावा, आन् जशी गेलासा तशी खाली या.